सुई-बदल सेवेची जोखीम नेमकी कुठे मोजायची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

औषधाच्या दुकानातून वापरलेल्या सुया परत घेऊन निर्जंतुक सुया-सिरिंज द्याव्यात का, या चर्चेत दोनच आवाज ऐकू येतात. 'नशा करणारे दुकानात येऊ लागले तर बाकी गिऱ्हाइकांचे काय?' हा एक आणि 'एचआयव्ही व कावीळ रोखायची तर याला पर्याय नाही' हा दुसरा. दोघांच्या मध्ये काउंटरमागे जो उभा असतो, त्याने हातात काय धरायचे आणि कशाला हात लावायचा नाही, हे मात्र कोणी सांगत नाही. हे पत्र तेवढ्यापुरतेच आहे.

ही सेवा काही नवी नाही. ॲम्स्टरडॅममध्ये १९८४ साली ती सुरू झाली ती हेपॅटायटिस-बी या विषाणूजन्य काविळीच्या भीतीने. शहराच्या मध्यवर्ती भागातल्या एका औषधविक्रेत्याने नशा करणाऱ्यांना सिरिंज विकणे थांबवले आणि नशा करणाऱ्यांच्याच संघटनेने पालिकेच्या आरोग्य विभागाकडे धाव घेतली. न्यूझीलंडने १९८८ मध्ये देशभर सेवा सुरू केली तीही मुख्यतः औषधाच्या दुकानांमधून. सुया दिल्याने नशा वाढते का, याचा जागतिक आरोग्य संघटनेने २००४ मध्ये आढावा घेतला, तेव्हा तसा ठोस पुरावा सापडला नाही. म्हणून सेवा हवी की नको या वादात आम्ही शिरत नाही. सेवा द्यायची ठरल्यावर जोखमीचा जो कागद, म्हणजे जोखीम-मूल्यांकन, भरला जातो, तो बहुतेक वेळा चुकीचा भरला जातो. आमची तक्रार त्याबद्दल आहे.

त्या कागदावर सहसा एकच ओळ असते: 'रक्तातून पसरणाऱ्या विषाणूंचा धोका, शक्यता २, तीव्रता ५, गुण (दोन्हींचा गुणाकार) १०, उपाय: हातमोजे.' एवढे लिहिले की काम संपले. वास्तविक पातळ हातमोज्यातून सुई आरपार जाते. आत शिरताना सुईवरचे थोडे रक्त मोज्याला पुसले जाते, एवढाच त्याचा उपयोग. तो उपयोग खरा आहे, पण त्याच्या भरवशावर आख्खी सेवा उभी करता येत नाही. जोखीम कमी करण्याच्या उपायांची एक उतरंड असते: आधी धोका मुळातच काढून टाकता येतो का ते पाहायचे, मग कमी धोक्याची वस्तू किंवा पद्धत, मग मध्ये अडथळा, मग कामाचे नियम, आणि हातमोजे-चष्मा सगळ्यात शेवटी. आपल्याकडच्या कागदांवर शेवटची पायरी सगळ्यात वर येऊन बसलेली असते.

'सुई-बदल सेवा' ही एक ओळ न धरता तिचे तुकडे करावेत. माणूस दुकानात येतो, वापरलेल्या सुया देतो, त्या डब्यात पडतात, नवे पाकीट घेऊन तो जातो, डबा भरतो, डबा बंद होतो, मागच्या खोलीत राहतो, कचरा नेणारा तो उचलतो, संध्याकाळी कोणीतरी फरशी पुसते. प्रत्येक तुकड्यापाशी एकच प्रश्न विचारायचा: इथे कोणाचा हात उघड्या सुईच्या वितीभर जवळ येतो का? नवे पाकीट देताना नाही येत. तिथे संसर्गाची जोखीम शून्य धरावी आणि पुढे जावे. परत घेताना येतो, डबा बंद करताना येतो, फरशी पुसताना तर हमखास येतो. कागदातला जीव या तीन ठिकाणी ओतावा.

परत घेण्याबद्दल सगळ्यात घातक नियम म्हणजे 'जितक्या आणाल तितक्याच मिळतील'. वरवर शिस्तीचा वाटतो. पण मोजायचे म्हटले की कोणीतरी वापरलेल्या सुया टेबलावर ओतणार, बोटाने बाजूला सारणार, टोपण नसलेल्या वेगळ्या करणार. म्हणजे धोका आपण आपल्या हाताने तयार केला. शिवाय ज्याला दिवसातून चार वेळा सुई लागते आणि येता येता ज्याचा डबा हरवला, तो रिकाम्या हाताने परत गेला तर जुनीच सुई वापरणार किंवा दुसऱ्याची घेणार. परत आलेल्या सुया मोजायच्याच असतील, तर 'साधारण किती आहेत?' असे त्यालाच विचारून आकडा टिपावा. नोंदीला अंदाज पुरतो. डब्यात डोकावून खात्री करू नये.

आता देवाणघेवाण जवळून पाहू. दुकानाचा मोठा डबा जाड, टणक प्लास्टिकचा, गळती न होणारा आणि पक्का बसवलेला हवा. तो गिऱ्हाइकाच्या बाजूला, पण लहान मुलाचा हात पोचणार नाही अशा उंचीवर ठेवावा. त्याचे तोंड उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या खाली असावे, म्हणजे आत किती भरले आहे ते दिसते. आणणाऱ्याने स्वतःच्या हाताने टाकायचे. कर्मचाऱ्याने हात पुढे करायचा नाही, 'द्या इकडे' म्हणायचे नाही. सवयीने हात पुढे जातोच. पैसे, चिठ्ठी, पाकीट, सगळे हातात घ्यायची इतकी सवय असते की शिकवूनही दोन आठवडे जातात. म्हणून काउंटरवर पारदर्शक पट्टी किंवा निदान एक ट्रे मध्ये असावा. सांगण्यापेक्षा आडकाठी बरी.

इथे एक बारीक गोष्ट नेहमी निसटते. घरी न्यायला दिलेला छोटा डबा आणि दुकानातल्या मोठ्या डब्याचे तोंड यांची मापे जुळायला हवीत. छोटा डबा एक लिटरचा आणि मोठ्याचे तोंड त्याहून अरुंद, असे झाले की माणूस छोट्याचे झाकण उघडून सुया एकेक करून टाकू लागतो किंवा कर्मचारी मोठ्याचे झाकणच काढून ठेवतो. दोन्ही वाईट. खरेदीच्या आधी एक छोटा डबा मोठ्याच्या तोंडातून प्रत्यक्ष घालून पाहावा. पाच मिनिटांचे काम आहे, पण कॅटलॉग पाहून मागणी नोंदवणारे ते करत नाहीत.

कोणी पिशवीत सुट्या सुया आणल्या तर? पिशवी हातात घेऊ नये, काउंटरवर ठेवू देऊ नये, आणि परतही पाठवू नये; परत पाठवलेली पिशवी रस्त्यावरच्या कचऱ्यात जाते. रुंद तोंडाचा रिकामा डबा जमिनीवर ठेवावा, माणसाला सांगावे की पिशवीसकट यात सोडा, आणि आपण दोन पावले मागे व्हावे. मग पुढच्या वेळेसाठी त्याला छोटा डबा द्यावा. रागावून काही साधत नाही. डबा दिल्याने साधते.

डबा भरण्याबद्दल. वर रेघ असते ती तीन चतुर्थांशाला. रेघेच्या वर भरलेला डबा दाबून किंवा हलवून 'बसवणे' यातूनच टोचणी होते. वर आलेली सुई तोंडातून बाहेर डोकावते आणि तिथेच बोट असते. दुसरा दोष आणखी साधा आहे: डबा जोडताना झाकण चारही बाजूंनी खटकन बसलेले नसते. रिकाम्या डब्यात ते कळत नाही, भरलेला डबा उचलला की झाकण हातात आणि सुया पायावर. म्हणून जोडणाऱ्याने चारही कडा दाबून तपासाव्यात आणि लेबलवर तारीख व सही करावी. सही असली की तपासणी होते, हा अनुभवसिद्ध नियम आहे. वापरात नसताना तोंडाची तात्पुरती पट्टी लावावी. रेघ गाठली की कायमचे बंद करावे आणि नंतर कोणत्याही कारणाने उघडू नये, चुकून मौल्यवान काही आत पडले तरीही. उचलताना हँडलने धरून अंगापासून लांब ठेवावा, मांडीला टेकवून चालू नये. एका डब्यातून दुसऱ्यात कधीच ओतू नये.

बंद डबे कुलूपबंद जागेत ठेवावेत. औषधांच्या साठ्याजवळ, कर्मचाऱ्यांच्या खाण्याच्या जागेत किंवा स्वच्छतागृहात नकोत. किती दिवसांनी न्यायचे हे ठरवताना सरासरी काढू नये. चार आठवडे रोज डबे मोजावेत आणि ज्या आठवड्यात सगळ्यात जास्त भरले तो धरून करार करावा. वाहन एकदा आले नाही तर पुरतील एवढे रिकामे डबे शिल्लक ठेवावेत. रिकामा डबा नसला की लोक रेघ ओलांडतात, हे कारण-परिणाम इतके सरळ आहे.

जमिनीवर सुई पडली असेल तेव्हा बहुतेक जण डबा डाव्या हातात धरून उजव्या हाताने सुई उचलतात. सुई डब्याच्या तोंडाला चुकली की ती डाव्या हातात जाते. बरोबर पद्धत अशी: डबा सुईशेजारी जमिनीवर ठेवायचा, एका हातानेही धरायचा नाही. लांब चिमट्याने सिरिंजची नळी धरायची, टोक स्वतःपासून पलीकडे, आणि सुई आधी अशी खाली सोडायची. टोपण परत लावायचे नाही, सुई वाकवायची किंवा मोडायची नाही. चिमटा, जाड हातमोजे, छोटा डबा, शोषक कागद, ब्लीच आणि माहितीचे कार्ड हे सगळे एकाच पेटीत आणि काउंटरच्या आवाक्यात हवे. पेटी माळ्यावर असेल तर माणूस सुई हातानेच उचलतो.

रक्त सांडले असेल तर शोषक कागद टाकावा, त्यावर १ टक्का हायपोक्लोराइट (ब्लीचमधले रसायन) ओतून १० मिनिटे थांबावे, मग पुसावे. घरगुती ब्लीच ५ टक्क्यांचे असेल तर एक भाग ब्लीच आणि चार भाग पाणी. द्रावण रोज नवे करावे. कालचे कमजोर होते. लघवीवर ते ओतू नये, विषारी क्लोरीन वायू सुटतो. लघवी आधी कागदाने टिपून घ्यावी. पुसण्याआधी सांडलेल्या ठिकाणी सुई नाही ना, हे नजरेने बघावे.

साफसफाई करणाऱ्या व्यक्तीचा तर या सगळ्या कागदांत उल्लेखही नसतो. टोचण्या मात्र तिला होतात: कचऱ्याची पिशवी हाताने दाबताना, पिशवी पायाला घासत नेताना, स्वच्छतागृहाच्या टाकीमागे हात घालताना. ती कंत्राटदाराकडची असली तरी दुकानाच्या मूल्यांकनात तिचे नाव असावे, लस तिलाही मिळावी आणि पिशवी वरून धरून अंगापासून दूर नेण्याची पद्धत तिला दाखवावी. कचऱ्याच्या टोपलीत हात घालायचा नाही, टोपली उपडी करायची, एवढे सांगितले तरी बराच धोका टळतो.

आता आकडे, कारण भीती आकड्यांशिवाय वाढते. रोगबाधित माणसाच्या रक्ताची सुई टोचल्यावर एचआयव्ही लागण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के, हेपॅटायटिस-सीची जास्तीत जास्त १.८ टक्क्यांच्या आसपास, आणि लस न घेतलेल्याला हेपॅटायटिस-बीची ६ ते ३० टक्के. हे आकडे आरोग्य कर्मचाऱ्यांना झालेल्या, बाधित रुग्ण माहीत असलेल्या टोचण्यांतून आले आहेत. काउंटरवरच्या बारीक, आधीच सुकलेल्या सुईची जोखीम साधारणपणे याहून कमी. खोल जखम, पोकळ आणि रक्त दिसणारी सुई, शिरेत घातलेली सुई यांनी ती वाढते. मात्र 'सुकले म्हणजे मेले' असे धरू नये: हेपॅटायटिस-बीचा विषाणू सुक्या पृष्ठभागावर किमान सात दिवस टिकतो आणि हेपॅटायटिस-सीचा विषाणू सिरिंजच्या आत प्रयोगशाळेत ६३ दिवसांपर्यंत जिवंत आढळला आहे.

म्हणजे तिघांतला सर्वांत मोठा धोका लसीने टळतो आणि लस न देता कर्मचाऱ्याला या कामावर उभे केले जाते, ही खरी लाजिरवाणी बाब. हेपॅटायटिस-बीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांना. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी प्रतिपिंड (अँटीबॉडी) तपासावेत, प्रति मिलिलिटर १० मिलि-आंतरराष्ट्रीय एककांहून कमी असतील तर पुन्हा द्यावेत. घाई असेल तर ०, ७ आणि २१ दिवसांचा वेगवान क्रम आणि एक वर्षाने चौथा डोस असतो. तपासणी न करता 'लस घेतली आहे' एवढ्यावर थांबणे चूक. काहींच्या शरीरात प्रतिसाद उमटतच नाही. टिटॅनसची स्थितीही विचारावी.

टोचलीच तर काय, हे भिंतीवर लावावे. त्या क्षणी कोणी पुस्तिका वाचत नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावे. घासू नये, दाबून रक्त काढू नये, तोंडाने शोषू नये, त्यावर ब्लीच ओतू नये. डोळ्यात उडाले तर भरपूर पाण्याने धुवावे. लेन्स असेल तर ती काढून पुन्हा धुवावे. मग ताबडतोब डॉक्टर. एचआयव्हीविरोधी गोळ्या लागणार असतील तर पहिली शक्य तितक्या लवकर, काही तासांतच. ७२ तासांनंतर फायदा धरत नाहीत, आणि कोर्स २८ दिवसांचा. लस न घेतलेल्याला हेपॅटायटिस-बीचे इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) शक्यतो २४ तासांत. हेपॅटायटिस-सीला लस नाही, प्रतिबंधक कोर्सही नाही; पण लागण झालीच तर ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक जण बरे होतात. टोचलेली सुई तपासायला पाठवू नये, त्यातून काही कळत नाही. रविवारी संध्याकाळी गोळ्या कुठे मिळतील, ते ठिकाण आधीच शोधून दूरध्वनी क्रमांकासह लिहून ठेवावे. मूल्यांकनाचा हा भाग भरलेला फार क्वचित दिसतो.

हिंसेबद्दल थोडे. येणारी बहुसंख्य माणसे शांतपणे पाकीट घेऊन जातात. भांडण झाले तर त्याची कारणे बहुधा आपल्याकडची असतात: साठा संपलेला, रांगेत सगळ्यांसमोर 'किती सुया?' असा मोठ्याने विचारलेला प्रश्न, बंद व्हायच्या वेळेला झालेली गर्दी. साठ्याची किमान पातळी ठरवावी, बाजूला बोलता येईल अशी जागा द्यावी, आणि ती जागा दुकानाच्या टोकाला एकाच दाराची बंद खोली नसावी. कर्मचारी दाराच्या बाजूला असावा. बंद करण्याच्या वेळी एकट्याने थांबू नये. मदतीची घंटा कोपऱ्यात लपवू नये.

कोणी दुकानात बेशुद्ध पडला आणि डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, ओठ निळे, श्वास मंद असेल तर अफूवर्गीय औषधाचा अतिरेक समजून रुग्णवाहिका बोलवावी, नालोक्सोन (अफूवर्गीय औषधाचा परिणाम उलटवणारे औषध) द्यावे, श्वास द्यावा. पण गुडघे टेकण्याआधी त्याच्या हाताखाली, खिशात, बाजूला उघडी सुई नाही ना ते पाहावे. या गोंधळात टोचण्या होतात. नालोक्सोनचा परिणाम ३० ते ९० मिनिटांत ओसरतो, म्हणून शुद्धीवर आला तरी त्याला एकटा सोडू नये. फेंटानिल या अतितीव्र अफूवर्गीय औषधाची पूड हाताला लागली की माणूस कोसळतो, ही ऐकीव गोष्ट मात्र मूल्यांकनात घालू नये. कोरड्या कातडीतून तेवढे शिरत नाही. हात साबणाने धुवावेत, बास.

द्यायच्या सामानातही जोखीम मोजता येते. सुई कायमची जोडलेल्या १ मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये दट्ट्या पूर्ण दाबल्यावर जेमतेम २ मायक्रोलिटर द्रव उरतो. वेगळी होणारी सुई असेल तर ८४ मायक्रोलिटरच्या घरात. उरलेले रक्त म्हणजे पुढचा धोका, वापरणाऱ्यालाही आणि डबा हाताळणाऱ्यालाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये कमी उरणाऱ्या सिरिंज देण्याचे सुचवले आहे. मात्र सगळ्यांना एकच माप देऊ नये. ज्याला मोठी लागते तो ती नाही मिळाली की दुसऱ्याची घेतो.

मूल्यांकन वर्षातून एकदा तपासावे हे सर्वांना ठाऊक असते. त्याहून उपयोगी नोंद म्हणजे 'थोडक्यात वाचलो' प्रकरणांची वही: डबा हलवताना सुई बाहेर दिसली, झाकण निसटले, पिशवी काउंटरवर ठेवली गेली. प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, कोणत्या तुकड्यात घडले आणि त्या वेळी दुकानात किती जण होते, एवढेच लिहावे. नाव लिहू नये, नाहीतर कोणी लिहीत नाही. महिन्याला पाच नोंदी एकाच तुकड्यातल्या दिसल्या तर डबा, जागा किंवा वेळ बदलावी, कर्मचाऱ्याला समज देऊन भागवू नये.

आपले,
औषधविक्री आणि संसर्ग-प्रतिबंध या कामांतील काही वाचक